जुन्या गावठाणातल्या गल्ल्या

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझा रूम पार्टनर इंटर्नशिपसाठी पुण्याला गेला आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या गच्चीवरच्या खोलीत मी एकटा उरलो. जाताना त्यानं गादी गुंडाळून नेली. लोखंडी पलंग तसाच राहिला. सुरुवातीला मी त्यावर पुस्तकं ठेवली, मग धुतलेले कपडे, मग काहीच नाही. खोलीत शिरलं की पहिल्यांदा तो रिकामा पलंगच दिसायचा.

वर्गातली बहुतेक पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेली होती. माझाही एक इंटरव्ह्यू झाला होता, व्हिडिओ कॉलवर. मी उत्तर देत होतो, समोरची बाई मान हलवत होती, आणि मध्येच तिची मान हलायची थांबली. मला वाटलं, विचार करत असेल. मी बोलतच राहिलो. बराच वेळ बोलल्यावर लक्षात आलं की नेट गेलंय. पुन्हा जोडलं तेव्हा कॉल संपलेला होता. नंतर त्यांचा मेल आला नाही आणि मीही विचारलं नाही.

घरून रोज फोन यायचा. आमचं गाव उमरीपासून जवळ. आई विचारायची, "जेवलास का?" मी म्हणायचो, "हाव." मग ती म्हशीचं, शेताचं, शेजारच्या लग्नाचं सांगायची आणि फोन वडिलांकडं द्यायची. वडील विचारायचे, "जेवलास का?" कॉम्प्युटर सायन्समध्ये मी नेमकं काय करतो हे त्या दोघांना सांगता येईल असं काही मला सापडत नव्हतं. खरं तर मलाच ते नीट माहीत नव्हतं.

लॅपटॉपचं बिजागर तुटलेलं होतं. स्क्रीन मागं पडू नये म्हणून मी ती पाण्याच्या जारला टेकवून ठेवायचो. जारमधलं पाणी कमी झालं की जार हलका व्हायचा, सरकायचा आणि स्क्रीन हळूहळू छताकडं बघायला लागायची. तेवढी हालचाल सोडली तर दिवसभर खोलीत दुसरं काही हलत नसे.

त्या दिवसांत मला नकाशांचा नाद लागला. इंटरनेटवर एक खुला नकाशा आहे. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं आपापल्या भागातले रस्ते, घरं, विहिरी त्यात भरतात. मागं उपग्रहाचा फोटो असतो, त्यावर आपण रेषा काढायच्या. मी पहिल्यांदा तो उघडला तेव्हा आमच्या भागात धरणाच्या निळ्या पाण्याशिवाय काही नव्हतं आणि मी कुठं आहे हे दाखवणारा ठिपका त्या पाण्याच्या कडेला लटकत होता. मी आमची गल्ली काढली. मग मेस, मग झेरॉक्सचं दुकान, मग खोलीची इमारत. सेव्ह केलं आणि थोड्या वेळानं फोनवर पाहिलं तर नकाशात आमची गल्ली आली होती. कुणीतरी दाराची कडी वाजवावी तसं वाटलं मला.

मग सुटलोच. आमचं गाव काढलं. उमरीचा बाजार काढला. धर्माबादला मामाच्या घराकडं जायचा रस्ता काढला. लातूर काढायला घेतलं तेव्हा मात्र हात थांबला. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी क्लाससाठी लातूरला राहिलो होतो. आपल्याला सगळं लातूर पाठ आहे असं वाटायचं. प्रत्यक्षात मला एकच रस्ता येत होता: खोली, मेस, क्लास, खोली. त्या रस्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला काय आहे ते मी कधी वळून पाहिलं नव्हतं. माझ्यासारखीच हजारो पोरं त्या रस्त्यानं खाली मान घालून चालायची. त्यातल्या एकाचंही घर मला माहीत नव्हतं.

असाच नकाशा सरकवत मी लातूरच्या दक्षिणेला, औशाच्या पुढं गेलो आणि एका ठिकाणी थबकलो. माळावर एक गाव काढलेलं होतं. वेस, वेशीतून आत येणारा रस्ता, त्याला फुटलेल्या गल्ल्या, एक आड, एक देऊळ, एक मशीद, पार. प्रत्येक घराचा वेगळा चौकोन. काम फार मन लावून केलेलं होतं. पण मागच्या फोटोत तिथं काहीच नव्हतं. नुसती येडी बाभूळ आणि दगडांचे ढीग.

दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं तर गाव गायब. परदेशातल्या कुणीतरी ते खोडलं होतं आणि खाली इंग्रजीत सभ्यपणे लिहिलं होतं की जमिनीवर आज जे आहे तेच या नकाशात काढावं, हा नियम आहे. पुढच्या आठवड्यात गाव परत आलं. पुन्हा सगळं, चौकोन न् चौकोन. पुन्हा त्यानं खोडलं. पुन्हा आलं. मला त्या परदेशी माणसाचं चुकीचं वाटत नव्हतं. तो नियमानं चालला होता. पण गाव काढणारा कोण आहे हे कळेना. त्यानं एकदाही उत्तर दिलं नव्हतं. फक्त पुन्हा काढायचा.

मी मराठीत निरोप टाकला: "नमस्कार. तुम्ही काढता ते गाव फोटोत दिसत नाही. काही चूक तर होत नाही ना?"

संध्याकाळी उत्तर आलं: "चूक नाही. गाव होतं. मी तिथली आहे."

आणि थोड्या वेळानं दुसरा निरोप: "भूकंपात गेलं."

लातूरच्या भूकंपाचं मी ऐकून होतो. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट. आमच्याकडं नांदेडलाही भांडी पडली होती, असं वडील सांगायचे. एवढंच. मी परत ती जागा उघडून पाहिली. आता बाभळी बाभळी वाटेनात. त्यांच्यामधून अंधुक पांढऱ्या रेघा जात होत्या, आणि त्या बाईनं काढलेल्या गल्ल्या नेमक्या त्या रेघांवर बसत होत्या.

मी लिहिलं, "तिथं काढलं तर ते पुन्हा खोडणार. पण मी तुम्हाला वेगळा नकाशा करून देऊ शकतो. तो कुणी खोडणार नाही."

तिनं विचारलं, "तुम्ही कोण?"

"नांदेडला शिकतो. कॉम्प्युटर सायन्स."

"पैसे किती घेणार?"

"काही नाही."

"मग कामून करताव?"

मी खरं ते लिहिलं: "सध्या मला काही काम नाही."

त्या खुल्या नकाशाची एक चांगली गोष्ट होती. खोडलेलंही त्याच्या इतिहासात शिल्लक राहतं. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तिचं सगळं गाव तिथून बाहेर काढलं. मग साधं वेब पेज केलं: मागं उपग्रहाचा फोटो, वर तिच्या रेषा. पहिल्यांदा चालवलं तर गाव कुठंच दिसेना. फोटो बरोबर, बाभळी बरोबर, गाव नाही. सकाळपासून दुपारपर्यंत शोधत होतो. शेवटी नकाशा लहान करत करत अख्खं जग समोर आणलं तेव्हा सापडलं. अक्षांश आणि रेखांश मी उलटे टाकले होते. गाव उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन बसलं होतं, आडासकट. मी एकटाच मोठ्यानं हसलो. हसू थांबल्यावर खोली अजूनच गप्प झाली. मग मी तिला ते लिहून कळवलं. तिनं हसण्याची तीन चित्रं पाठवली आणि लिहिलं, "या रविवारी लातूरला येताव का? दाखवा मला."

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूर गाठलं. ज्या शहरात दोन वर्षं राहिलो तिथं कुणीतरी माझी वाट बघतंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. दाखले, परीक्षांचे अर्ज, पिकाचा विमा, असलं सगळं. चाळिशीची बाई, कपाळावर चष्मा सरकवलेला. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मला वाटलं कुणी पन्नाशीचे साहेब असतील," ती म्हणाली. "हे तर लेकरू निघालं. जेवलास का?"

तिथून पुढं मी तिला ताई म्हणायला लागलो.

लॅपटॉप उघडून तिच्या टेबलावरच्या प्रिंटरला टेकवला. गाव दिसलं. ताईनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि बराच वेळ बघत राहिली. मग बोटानं एकेक घर दाखवत ती सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिनं भूकंपाच्या पहाटेचंही सांगितलं.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. गावातल्या गणपतींचं विसर्जन आदल्या रात्रीच झालं होतं. शेतात खळ्यावर उडदाची रास होती आणि राखणीला तिचे वडील जाणार होते. तिनं हट्ट धरला, मीपण येणार. आई म्हणाली, झोप मुकाट्यानं. पण वडिलांनी तिला खांद्यावर घेतलं. घरात आई, थोरला भाऊ आणि धाकटी बहीण राहिले. पहाटे जमीन हलली तेव्हा ही दोघं उघड्या आभाळाखाली होती. गावातली घरं दगडमातीची, वर माळवदाची जड छतं.

"बस्स," ताई म्हणाली. "मी आणि अण्णा."

पुढं सरकारनं नवं गाव वसवलं, जुन्या गावापासून लांब, माळावर. सरळ रांगा, सारखी घरं. अण्णा अजून तिथंच राहायचे, एकटे. ताईचं सासर लातूरला. अण्णांनी पुन्हा लग्न केलं नाही आणि जुन्या गावात ते परत कधी गेले नाहीत.

"बोलत न्हाईत ते," ताई म्हणाली. "म्हणजे कामापुरतं बोलतात. मी रोज फोन करते. जेवलाव का? हाव. गोळी घेतली का? हाव. ठेवू का? हाव. लग्न झाल्यापासून हेच चालू आहे. आईचं नावसुद्धा मी त्यांच्या तोंडून ऐकलं न्हाई. मला जेवढं आठवतं तेवढं मी काढून राहिले. पण नऊ वर्षांच्या पोरीला कितीसं आठवणार? अर्ध्या गल्ल्या माझ्या मनाच्या असतील."

मला माझा आणि आईचा फोन आठवला.

पुढच्या रविवारी आम्ही अण्णांकडं गेलो. नवं गाव कॉलेजच्या क्वार्टरसारखं दिसत होतं. पन्नास घरं पाहिली तरी एकच पाहिल्यासारखं. फक्त लोकांनी मागच्या तीस वर्षांत पुढं पत्रे टाकून, तुळशी लावून, रंग देऊन ती वेगवेगळी केली होती. अण्णांच्या घराला काहीच केलेलं नव्हतं. अण्णा बाजेवर बसले होते. उंच, सुकलेले, पांढरं धोतर. ताईनं माझी ओळख करून दिली, "नांदेडचा हाय. कॉलेजात शिकतो." त्यांनी मान हलवली.

ताईनं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. "अण्णा, बघा. आपलं गाव."

अण्णांनी स्क्रीनकडं एकदा पाहिलं आणि मान वळवून दाराबाहेर बघायला लागले. ताईनं दोनदा हाक मारली. तिचा चेहरा उतरला. "चहा ठेवते," म्हणत ती आत गेली.

मी आणि अण्णा तसेच बसलो. गप्प बसायची मला त्या वर्षात चांगलीच सवय झाली होती, त्यामुळं अवघड वाटलं नाही. त्यांना काही विचारावं असं माझ्या मनात नव्हतं. आडाजवळच्या एका गल्लीची रेषा तेवढी मला खटकत होती. ताईनं ती पलीकडच्या रस्त्याला जोडली होती, पण फोटोतली पांढरी रेघ मध्येच संपत होती. मी रेषेचं टोक धरून मागं ओढलं, मग पुन्हा पुढं नेलं. कुठं ठेवावं कळेना. स्वतःशीच बोलावं तसं मी पुटपुटलो, "ही आरपार जाते का नाही?"

"बंद व्हती ती."

मी वर पाहिलं. अण्णा अजून बाहेरच बघत होते.

"कुठपर्यंत?" मी विचारलं.

"सुताराच्या घरापस्तोर. पुढं भिंत. पोरं भिंतीवरून उड्या मारून पलीकडं जायची. म्हणून हिला वाटतंय आरपार हाय."

मी रेषा भिंतीपाशी संपवली. "आणि सुताराचं घर कुठल्या अंगाला?"

आता त्यांनी मान वळवली. बाजेवरून पुढं वाकले. स्क्रीन मागं कलत होती, ती त्यांनी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट काचेवर टेकवलं. "हितनं न्हाई. वेशीतनं ये. कुणाच्या बी गावात वेशीतनं यायचं असतंय."

मी वेशीतून आलो. त्यांनी एकेक घर सांगायला सुरुवात केली. पाटलाचं, त्याच्या मागं तांबोळ्याचं, मग कासाराचं. कुणाचा ओटा उंच, कुणाच्या दारात कडुलिंब. तांबोळ्याच्या पडवीत रेडिओ होता आणि बातम्यांना सगळे तिथं जमायचे. ते सांगत होते आणि मी टाइप करत होतो. माझी बोटं पुरत नव्हती. ताई चहाचे कप घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली. अण्णांनी तिच्याकडं न बघताच सांगितलं, "तुझं देऊळ लई मोठं झालंय. एवढं नव्हतं ते."

ताईनं कप खाली ठेवले आणि परत आत गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. चहा निवला होता. आम्ही तो तसाच प्यालो.

त्यानंतर माझे रविवार तिकडंच जायला लागले. पहाटेची एसटी धरायची, लातूरला ताईला घ्यायचं आणि दुपारपर्यंत अण्णांच्या बाजेसमोर बसायचं. गल्लीमागून गल्ली भरत गेली. शेजारची माणसं डोकवायला लागली. एक म्हातारी दर वेळी येऊन भांडायची, "आमचं दार उगवतीला व्हतं, मावळतीला न्हाई." अण्णा म्हणायचे, "मावळतीलाच." दोघांचं चांगलं जुंपायचं. ताई माझ्या कानात सांगायची, "बोलू दे. थांबवू नको." एक म्हातारे चाचा काठी टेकत यायचे. मशिदीच्या बाजूची सगळी घरं त्यांनीच सांगितली. सांगून झालं की ते थोडा वेळ स्क्रीनसमोर नुसते बसायचे आणि मग "चलो, ठीक है" म्हणून उठायचे.

एक घर राहिलं होतं. आपल्या गल्लीत अण्णा यायचे, डावीकडची सगळी सांगायचे, उजवीकडची दोन सांगायचे आणि मग म्हणायचे, "आज बास." तिसरा चौकोन रिकामा राहायचा. ताईनं एकदा विचारलं, "अण्णा, आपलं?" ते उठून गोठ्याकडं गेले. गोठ्यात जनावर एकही नव्हतं.

हिवाळा संपत आला होता. एका रविवारी आम्ही पोचलो तर अण्णा पायांत चपला घालून, काठी घेऊन ओट्यावरच बसलेले. म्हणाले, "चला."

"कुठं?" ताई म्हणाली.

"गावात."

रिक्षा करून गेलो. रस्ता संपला तिथं उतरलो. समोर बाभळीचं रान. मी फोन काढून नकाशा लावला, पण ठिपका भरकटायला लागला. कधी आडात, कधी पलीकडच्या शेतात. अण्णांनी फोनकडं पाहिलंही नाही. ते वेशीच्या ढिगाऱ्याला वळसा घालून आत शिरले आणि चालायला लागले. काठीनं काटे बाजूला करत, कुठंही न थांबता. एका ठिकाणी वाट सरळ मोकळी होती तरी ते डावीकडून वळसा घालून गेले. ताईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "पार हाय ना तिथं." पार नव्हता. दगडसुद्धा नव्हते.

आडावरून पुढं गेले, वळले आणि थांबले.

"हितं."

जोत्याचे दोन-तीन दगड दिसत होते. मधून एक बाभूळ उगवलेली. वारा नव्हता. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता. ताई खाली बसली आणि तिनं एका दगडावर हात ठेवला. मला कळेना की आपण इथं असावं की नाही. मी चार पावलं मागं जाऊन उभा राहिलो.

ताईनं हळूच विचारलं, "चूल कुठं होती, अण्णा?"

अण्णांनी काठीनं कोपरा दाखवला. मग म्हणाले, "धूर लई व्हायचा. खिडकी न्हवती त्या भिंतीला. तुझी आई रोज म्हणायची, खिडकी पाडा, डोळे गेले माझे. मी म्हणायचो, सुगी झाली की पाडतो." ते थांबले. "लई भांडायची त्यावरनं. एकदा फुंकणी फेकून मारली मला."

ताई आधी हसली. मग तिचं हसू रडण्यात कधी गेलं ते मला समजलं नाही. अण्णा तिच्याजवळ वाकले. त्यांना खाली बसता येत नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच काठीवर तोलून उभे राहिले. मी दुसरीकडं बघत राहिलो. बघण्यासारखं तिकडं काही नव्हतं, पण तरीही.

परत येताना रिक्षात अण्णा मला म्हणाले, "लेकरा, त्यात माणसं लिहू नको."

काही दिवसांपासून गावातले लोक मागं लागले होते की प्रत्येक घरावर गेलेल्यांची नावं टाका. मी तशी सोय करून ठेवली होती. घरावर बोट लावलं की यादी उघडेल अशी.

"लोक म्हणतात, अण्णा," ताई म्हणाली.

"म्हणू दे. गेलेल्यांचा दगड हाय तिकडं, त्यावर नावं हायेत. हे गाव हाय. ह्यात चूल दाखवा, वट्टा दाखवा. कुणाच्या दारात काय झाड व्हतं ते दाखवा."

मी ती सोय काढून टाकली. त्यांच्या घराच्या चौकोनात ताईनं स्वतःच्या हातानं लिहिलं: उजव्या कोपऱ्यात चूल. खिडकी नाही.

ते पेज हळूहळू गावातल्या लोकांच्या फोनवर फिरायला लागलं. पुण्याला, सोलापूरला, भिवंडीला गेलेली माणसं ताईला फोन करायची, आमच्या घरामागं चिंच होती, ती टाका. सुरुवातीला ताई ते मला कळवायची आणि मी टाकायचो. आठवड्यातून कितीतरी वेळा तिचा फोन यायचा. मग एकदा तिनं विचारलं, "हे तू नेमकं कसं करतोस? मला शिकव की." मी फोनवर शिकवलं. फॉर्म भरून हात तयार झालेला, तिला लवकर जमलं. चुकली तर विचारायची. मग चुकेनाशी झाली.

अण्णांशी तिचं रोज बोलणं व्हायचं. आता ते पटकन संपत नसे. मी फोन लावला की बरेचदा तिचा फोन बिझी यायचा. एकदा लागला तेव्हा ती घाईत म्हणाली, "अरे, अण्णांचा कॉल चालू हाय. कासाराच्या घरावरून आमचं भांडण चाललंय. तुला नंतर करते." तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मलाही हसू आलं. नंतरचा फोन यायला बरेच दिवस लागले.

मार्चमध्ये तिनं स्वतःहूनच सांगितलं, "आता दर रविवारी येत नको जाऊ रे. मला जमतंय. परीक्षा जवळ आली, अभ्यास कर. सुट्टीत ये, पुरणपोळी करते." ती हे प्रेमानंच म्हणाली होती. आणि म्हणाली तेही बरोबर होतं. माझे दोन विषय कच्चे होते.

त्या रविवारी मला पहाटेच जाग आली. अंघोळ केली, लॅपटॉप बॅगेत भरला, चार्जर भरला, आणि चप्पल घालताना आठवलं की जायचं नाही. बॅग समोरच्या पलंगावर ठेवली. थोडा वेळ कॉलेजच्या रस्त्यानं धरणापर्यंत चालून आलो. मग भूक लागली म्हणून मेसला गेलो. रविवारचं मी कित्येक महिन्यांत तिथं जेवलो नव्हतो.

मेसवाल्या मावशी ताट वाढता वाढता म्हणाल्या, "आज लातूर न्हाई का?"

"न्हाई. झालं तिकडचं काम."

"बरं झालं की मग," त्या म्हणाल्या आणि एक भाकरी जास्तीची टाकली. सुट्टी असल्यामुळं मेसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी खिडकीजवळच्या टेबलावर बसलो आणि जेवलो.